फळ्याच्या कोपऱ्यातली नावं

अक्षराचं आधीच सांगते. माझं अक्षर चांगलं नाही. ओळ सरळ धरून लिहायला बसते, पण अर्ध्यात ती खाली उतरायला लागते. ऱ्हस्व-दीर्घ तर मला अजून नीट कळत नाही. ही वही कोणाला दाखवायची नाही, तरी उद्या घरातल्या कोणी उघडलीच तर चुका पोटात घाला.

परवा सोनकांबळे बाईंच्या जलदानाला, म्हणजे त्या गेल्यानंतरच्या विधीला गेले होते. बाई म्हणजे आमच्या शाळेतल्या मास्तरीण. त्यांची मुलगी शीला माईक घेऊन म्हणाली, "सोजरमावशी, आईबद्दल दोन शब्द बोला." मी उठले, समोर एवढी माणसं पाहिली आणि पदर तोंडाला लावून खाली बसले. बायांना वाटलं मला रडू आलं. रडू नव्हतं आलं, लाज आली होती. घरी येताना गाडीत तेच बोलणं मनात पुन्हा पुन्हा जुळवत होते. जे तिथं बोलायचं होतं ते इथं लिहिते.

बाईंची एक सवय गावात कोणालाही विचारली तर सांगतील. सकाळी हजेरी झाली की त्या हजर लेकरांची संख्या लिहीत नसत. फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात, खाली, जी लेकरं आली नाहीत त्यांची नावं लिहीत. ते नाव दुसऱ्या कोणी पुसायचं नाही. आठ दिवस लेकरू आलं नाही तर आठ दिवस नाव तसंच. ज्या दिवशी येईल त्या दिवशी त्यानं स्वतःच्या हातानं आपलं नाव पुसायचं आणि जागेवर बसायचं. हेडगुरुजी म्हणत, "बाई, तपासणीला साहेब आले तर हे बरं दिसत नाही." बाई म्हणत, "हजर हायत ते हायतच गुरुजी. न्हाईत त्यांचं बोला."

बाई किनवटकडच्या. त्यांची बोली आमच्याहून जरा निराळी. "काय करून राहिला रे?" असं त्या म्हणाल्या की पोरं हसत आणि सुट्टीत तसंच एकमेकांना म्हणत. बाईंना ते माहीत होतं. कधी कधी मुद्दाम दारात येऊन म्हणत, "माही नक्कल करून राहिले का? मग नीट तरी करा."

मी त्या शाळेची पाणीवाली. नवरा नव्हता, तो मी एकोणीस वर्षांची असतानाच गेला होता. सासऱ्यांची कोरडवाहू जमीन दिराकडं. मला महिन्याला शाळेतून थोडेफार पैसे मिळत, तेही हेडगुरुजी कुठून कुठून जमवून देत. रांजण भरायचा, दोन खोल्या झाडायच्या, घंटा द्यायची. कोणाशी बोलायची वेळ येऊ नये म्हणून मी शाळा भरायच्या आधीच निम्मं काम उरकायची.

दुष्काळाचं साल होतं. विहिरी आटल्या होत्या. टँकर यायचा तो बाजाराच्या बाजूला थांबायचा, आणि आमची माळावरची शाळा तिथून लांब. सगळं गाव तळ्याच्या कामावर. रोजगार हमीचं काम होतं, माती काढायची आणि टाकायची. आई-बाप कामावर गेले की लहान भावंडांना सांभाळायला मोठं लेकरू घरी. फळ्याचा कोपरा भरून जायचा.

एक दिवस मी पाणी घेऊन वर्गात गेले, कोपऱ्यात पाहिलं, तर मुक्ताचं नाव. मुक्ताचं घर माझ्या वाटेवर. पुढच्या खेपेला मी तिच्या झोपडीत डोकावले, तिच्या कडेवरचं लेकरू माझ्या कडेवर घेतलं आणि तिला शाळेत घेऊन आले. कोणाला काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी दुसऱ्याला आणलं. चौथ्या दिवशी बाईंनी मला रांजणापाशी गाठलं.

"सोजर, तुला कोण सांगतं ग कोणाला आणायचं ते?"

"कुणी न्हाई."

"मग?"

"फळ्यावर हाय की."

बाई माझ्याकडं बघतच राहिल्या. "म्हंजे तुला वाचता येतं?"

मला वाटलं काही चुकलं. मी म्हणाले, "दुसरीपर्यंत गेलते बाई. मग लगीन झालं."

"आणि इतके दिवस मुक्यानं पाणी भरून राहिलीस!" बाई म्हणाल्या. त्या दिवसापासून शाळा सुटल्यावर त्यांनी मला अर्धा तास थांबवून घेतलं. पाटी नको म्हणाल्या, फळ्यावरच लिही. मला फळ्यासमोर उभं राहायची इतकी लाज की हातातला खडू घामानं ओला व्हायचा. चुकलं की मी पदरानं पुसून टाकायची आणि बाजूला सरायची. बाई म्हणायच्या, "सरू नको. पुस, पुन्हा लिही. खडू हाय अजून." हे त्यांचं नेहमीचं होतं. पोरांनाही तेच, मलाही तेच. मराठी मला लवकर आली. भागाकार काही केल्या येईना.

त्याच सुमाराला आमचा जिल्हा नवा झालेला. आधी उस्मानाबादला जावं लागायचं, आता लातूर. नवी कचेरी, नवे साहेब, रोज नवा कागद. बाई एक दिवस म्हणाल्या, "सोजर, नव्या कचेऱ्यात शिपायाच्या जागा निघून राहिल्या. चौथी पास पाहिजे. तू चौथीला बस."

मी हसले. मी तेव्हा तिशीला आले होते. "लेकरांत बसू व्हय बाई?"

"मग कोणात बसशील? सायबात?"

फॉर्मचे पंधरा रुपये होते. माझ्याकडं पाचही नव्हते. बाईंनी पर्समधून काढून दिले आणि म्हणाल्या, "हे उसने हायत बरं का. पगार झाला की आणून द्यायचे."

"मला कुठला पगार बाई?"

"होईल त्या दिवशी आण."

माझ्या आयुष्यात मला उसने पैसे कोणी दिले नव्हते. दिले तर धर्म म्हणून दिले, शिळं वाढावं तसे. मी ते पंधरा रुपये भरले आणि चौथीच्या पटावर एकोणिसावं नाव माझं आलं.

आमच्या गावात जिल्हा परिषदेच्या तीन शाळा. एक बाजारातली, एक वेशीजवळची, आणि आमची माळावरची. नव्या साहेबांनी ठरवलं की तिन्ही शाळांच्या चौथीची परीक्षा एकाच दिवशी घ्यायची, एका शाळेचे गुरुजी दुसऱ्या शाळेत देखरेखीला पाठवायचे, आणि कोणत्या शाळेतले शेकडा किती पास झाले ते फळ्यावर मांडायचं. जी शाळा सर्वांत मागं राहील तिथली एक जागा काढून खेड्यात द्यायची. आमच्या शाळेत जागा काढायची म्हणजे बाईंचीच. हेडगुरुजी निवृत्तीला आले होते, त्यांना कोण हलवणार?

बाईंची शीला तेव्हा नववीला होती, गावातल्याच हायस्कुलात. बाईंची बदली खेड्यात झाली तर पोरीला बोर्डिंगात ठेवावं लागणार. शीलाच्या वडिलांची नोकरी लांब, रेल्वेत. मायलेकी दोघीच राहायच्या. हे सगळं मला ठाऊक होतं.

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात मी रांजण भरत होते. आत हेडगुरुजी हळू आवाजात बाईंना म्हणाले, "बाई, राग मानू नका. बाकी दोन्हीकडं कच्च्या पोरांना सांगून झालंय, त्या दिवशी येऊ नका म्हणून. जो बसलाच नाही त्याला नापासात धरत नाहीत. तुमचीही चार आहेत. आणि ती सोजर. पाच कमी केले तर चौदाच्या चौदा पास होतील. आपली शाळा पहिली येईल."

बाई म्हणाल्या, "गुरुजी, पाणी प्या. ऊन लई हाय."

बस, एवढंच. पण माझ्या डोक्यात ते पाच घर करून बसले. मला भागाकार येत नव्हता, मी नापास होणार हे मला दिसत होतं. मुक्ता दीड महिना घरी होती. बाकीचे तिघेही तसेच. आमच्यामुळं बाई खेड्यात जाणार, शीला बोर्डिंगात. मला वाटलं, बाईंनी आपल्यासाठी एवढं केलं, आता आपली पाळी. त्यांना स्वतःला हे करवणार नाही. आपण करावं.

परीक्षेच्या दिवशी मी उजाडायलाच रांजण भरला, घंटा दारामागं ठेवली आणि चारही घरी गेले. लेकरांना म्हणाले, "आज साळा न्हाई, चला माज्यासंगं." मुक्तानं भावाला कडेवर घेतलं. मी चौघांना तळ्यावर नेलं, बाभळीच्या सावलीत बसवलं, वाटाणे-फुटाणे दिले आणि मातीची पाटी घेऊन कामाला लागले. हजेरीत माझं नाव लागलं. खोटं कशाला बोलू, मला त्या सकाळी फार बरं वाटत होतं. पाटी हलकी लागत होती. आपण जन्मात एक तरी शहाणपणाचं काम केलं असं वाटत होतं.

उन्हं वर आली. बांधावरून एक बाई येताना दिसली. डोक्यावर पदर, हातात छत्री, पण छत्री मिटलेली. एका पायात चप्पल, दुसरी हातात, तिचा अंगठा तुटलेला. माझ्या शेजारची शेवंता म्हणाली, "सोजरे, तुजी मास्तरीण दिसती!"

बाई सरळ माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. दम लागला होता.

"लेकरं कुठं हायत?"

"सावलीला बसवलीत बाई. फुटाणे दिलेत."

"कामून आणलीस?"

मी खाली बघून सगळं सांगितलं. गुरुजींचं बोलणं ऐकलं ते, शीलाचं, बदलीचं. बोलता बोलता मला वाटत होतं की आता बाईंचे डोळे भरतील.

बाई म्हणाल्या, "माह्या पटावर एकोणीस नावं हायत. तू मला चौदाची शाळा करून देऊन राहिली?"

"शाळा पयली येईल की बाई."

"कोणाची शाळा ग? ह्या चौघांची तर न्हाई. तुही बी न्हाई." मग सावलीकडं तोंड करून म्हणाल्या, "ऊठ मुक्ता. ते बाळ दे माह्याजवळ."

बाया हसायला लागल्या. शेवंता म्हणाली, "जा माय सोजरे, तुला साळंचा पोलीस आलाय धरायला!" दुसरी म्हणाली, "बाकावर मावती का बघ आधी!" मला तळ्याच्या खड्ड्यात उतरावंसं वाटलं. मुकादम पुढं आला. "बाई, हिची हजेरी मांडलीय. अर्ध्यातून गेली तर दिवस कापणार."

"कापा," बाई म्हणाल्या. "आमच्या हजेरीत तिचं नाव आधीपासून हाय."

मुकादमानं वहीत रेघ मारली. आम्ही निघालो. पुढं बाई, कडेवर मुक्ताचा भाऊ, एक पाय अनवाणी. मागं चार लेकरं, शेवटी मी. माझी चप्पल घ्या म्हणायचं होतं, पण मी तशीच मागं चालत राहिले. ओढ्यातल्या वाळूत बाई थांबल्या. मला वाटलं आता रागावतील.

"सोजर, तू माह्यासाठी केलंस ते कळलं मला," त्या म्हणाल्या. "पण पुढच्या वेळी माह्यासाठी काही करायचं असलं, तर आधी मला इचार."

एवढंच बोलल्या आणि बाळ दुसऱ्या कडेवर घेऊन चालू लागल्या.

शाळेत पोचलो तेव्हा मराठीचा पेपर निम्म्याहून जास्त झाला होता. देखरेखीचे गुरुजी दुसऱ्या शाळेतले. ते म्हणाले, "बाई, आता काय उपयोग? उशीर झाला म्हणून लिहून टाकतो."

"लिहा ना, उशीर झालाच हाय," बाई म्हणाल्या. "पण बसले असंबी लिहा."

फळ्याच्या कोपऱ्यात पाच नावं होती. चार लेकरांची, आणि सगळ्यांत खाली 'सोजर'. माझं नाव फळ्यावर लिहिलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते. चौघांनी आपापलं नाव पुसलं आणि जागेवर बसले. मी दारातच उभी होते. बाळाला ओसरीवरच्या झोळीत घालता घालता बाई मागून म्हणाल्या, "तुहं कोण पुसणार?" सगळा वर्ग मान वळवून बघत होता. मी गेले, तळहातानं नाव पुसलं. मातीच्या हातानं फळ्यावर डाग पडला. मग मुक्ताच्या शेजारी मांडी घालून बसले. दुपारी गणिताचा पेपर झाला. भागाकाराची दोन गणितं होती, दोन्ही सोडवली, दोन्ही चुकली.

मुक्ता पास झाली. अजून एक पास झाला. दोघं आणि मी नापास.

निकालाच्या बैठकीला गावातलेच काही लोक बोलावले होते. मी चहा घेऊन गेले म्हणून मला पाहायला मिळालं. साहेबांनी तीन शाळांची नावं एकाखाली एक लिहिली, पुढं शेकडेवारी. आमची तिसरी. साहेब म्हणाले, "माळावरच्या शाळेनं विचार करायला हवा."

बाई उभ्या राहिल्या. सगळ्या गुरुजींत त्या एकट्याच बाई. म्हणाल्या, "साहेब, फळ्यावर जागा हाय. अजून दोन रकाने ओढा. पटावर किती होते, आणि बसले किती."

साहेब नवे होते, वयानं लहान होते. त्यांनी खडू घेतला, दोन रकाने ओढले आणि बाजाराच्या शाळेकडं वळून म्हणाले, "हं, सांगा." एकजण चष्मा पुसत होता, एकजण चहात बघत होता. मी कपबशा धरून उभी होते. शेवटी साहेबांनी आमच्या शाळेपुढं एकोणीस लिहिलं, पुन्हा एकोणीस लिहिलं. बाकीचे रकाने कोरेच राहिले.

तरी जूनमध्ये बदलीचा कागद आला. साहेबांनी बाईंना सांगितलं म्हणे, की नियम आधी काढला होता, आता मागं घेता येत नाही, पुढच्या वर्षी रकाने आधीच छापून पाठवतो. आणि खरंच, पुढच्या वर्षी छापील कागदात ते दोन रकाने होते. पण बाई तोवर उदगीरच्या पलीकडं, कर्नाटकाच्या शिवेवरच्या एका खेड्यात गेल्या होत्या. शीलाला अहमदपूरच्या बोर्डिंगात ठेवलं.

ट्रंक एसटीच्या टपावर चढवताना मी बाईंचे पाय धरले. "माज्यामुळं झालं बाई."

त्यांनी मला हाताला धरून उठवलं. "तुह्यामुळं कसं? तुह्या एकटीच्या नापासानं शाळा तिसरी आली काय? गणितात खरंच कच्ची हायस तू." मी रडता रडता हसले. खिडकीतून त्यांनी पुन्हा सांगितलं, "भागाकार कर. खडू ठेवलाय खिडकीत."

वर्षभर मी शाळा झाडून झाली की एकटीच फळ्यावर भागाकार करत होते. मुक्ता पाचवीला गेली होती, ती येऊन तपासायची. फॉर्मची वेळ आली तेव्हा मनिऑर्डर आली. पंधरा रुपये, आणि खालच्या कागदावर बाईंचं गोल अक्षर: "फॉर्म भर. आता तीस झाले."

त्या वर्षी मी पास झाले. पुढं दीड वर्षानं नव्या कचेरीत शिपाई म्हणून लागले. ती नोकरी मी निवृत्त होईपर्यंत केली. कचेरीत मोठमोठे लोक यायचे, मला बोलायची लाज तशीच राहिली. पण साहेबांनी हाक मारून फाईलचं नाव सांगितलं की मी ते वाचून फाईल आणून देत असे. माझ्यासारख्या बाईला यापेक्षा काय पाहिजे?

पहिला पगार झाला त्या शनिवारी रजा टाकून मी पहाटेची एसटी धरली. दोन गाड्या बदलून बाईंच्या गावी पोचले. एकच खोली, चारही वर्ग त्यातच. तिथली लेकरं घरी कानडी बोलत. बाई दारात उभ्या राहून एकाला "बा, बा" म्हणून बोलावत होत्या. कानडीत बा म्हणजे ये, हे त्यांनीच मग सांगितलं. मला पाहून त्या म्हणाल्या, "तू बी बा."

आत गेल्या गेल्या माझी नजर फळ्याच्या कोपऱ्यात गेली. कोपरा कोरा होता.

शाळा सुटल्यावर मी कनवटीची गाठ सोडली आणि तीन दहाच्या नोटा पुढं केल्या. वाटेत सगळा वेळ मला भीती होती की बाई घेणार नाहीत. राहू दे, शीलाला मावशी म्हणून दिले समज, असं काही म्हणतील आणि मी पुन्हा तशीच परत येईन, दिलेलं घेणारी.

बाईंनी नोटा घेतल्या. एक, दोन, तीन अशा मोजल्या. पर्समध्ये ठेवल्या आणि पर्स बंद केली.

"फिटले," त्या म्हणाल्या. "पुरे तीस."

रांजण पाहून मी सवयीनं उठले, तांब्या घ्यायला. बाईंनी माझ्या हातातून तो काढून घेतला. "बस खाली," म्हणाल्या, आणि स्वतः जाऊन मला पाणी आणून दिलं.